पाण्याला वास येतो, पण पुरावा कोठे आहे?

ज्याच्या घरातल्या नळाच्या पाण्याला रॉकेलचा वास येतो, त्याला पाणी बिघडले आहे हे कळण्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. निसर्गाने माणसाला नाक दिले आहे ते याचसाठी. परंतु साऱ्या जगातल्या नोकरशाहीचा एक चमत्कारिक शिरस्ता आहे. नागरिकाच्या नाकाला ती पुरावा मानीत नाही. पाण्याला वास येतो अशी एखाद्या गृहिणीने तक्रार केली, तर तिला उत्तर मिळते, 'नमुना घेतला आहे, अहवाल येऊ द्या.' अहवाल येईपर्यंत त्या घरातल्या मुलांनी काय प्यावे, हे सांगणारे कलम मात्र नियमावलीत सापडत नाही. जमिनीखालच्या टाकीतून किंवा नळातून इंधन गळते आणि भूजल नासते, तेव्हा गळतीने होतो त्याहून मोठा अनर्थ पुष्कळदा या प्रतीक्षेने होतो. हे आम्ही संतापाच्या भरात लिहीत नाही. या विधानाला अलीकडचा आणि कागदोपत्री सिद्ध झालेला दाखला आहे.

तो दाखला अमेरिकेच्या हवाई बेटांतला आहे. ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या आरमारी तळापासून जेमतेम चार किलोमीटर अंतरावर, डोंगराची एक सोंड आहे. तिचे मूळचे हवाईयन नाव कपूकाकी. अमेरिकनांनी तिला 'रेड हिल' म्हणजे तांबडी टेकडी म्हटले. या टेकडीच्या पोटात अमेरिकी आरमाराने १९४० ते १९४३ या काळात वीस प्रचंड टाक्या बांधल्या. एकेक टाकी सुमारे २५० फूट उंच आणि १०० फूट रुंद. प्रत्येकीत सव्वा कोटी गॅलन इंधन मावे. वीस टाक्यांत मिळून पंचवीस कोटी गॅलन. उघड्या मैदानावरच्या टाक्या शत्रूच्या विमानांना सहज सापडतील, म्हणून इंधन डोंगराच्या आत दडवावे, ही त्यामागची कल्पना होती. युद्धाच्या छायेत घेतलेला तो निर्णय मूर्खपणाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण या टाक्यांच्या तळाखाली सुमारे शंभर फुटांवर त्या बेटाचे पिण्याचे पाणी होते. होनोलुलू शहर ज्या भूजलावर जगते, तेच हे पाणी. देशाच्या रक्षणासाठी भरलेला इंधनाचा रांजण देशबांधवांच्या माठावर ठेवला गेला होता, आणि तो गळू लागेपर्यंत तेथे तसाच राहिला.

तो एकाएकी गळला असता, तर दैवाला दोष देता आला असता. तसे झाले नाही. २०१४ च्या जानेवारीत पाच क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन विमान-इंधन निसटले. ही टाकी तर नुकतीच दुरुस्त करून पुन्हा भरण्यात आली होती. त्यानंतर २०१५ मध्ये आरमार, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि हवाईचे आरोग्य खाते यांच्यात रीतसर करार झाला. अभ्यास ठरले, आराखडे ठरले, मुदती ठरल्या. इंधन मात्र टेकडीच्या पोटातच राहिले. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नेस्ट लाऊ वर्षानुवर्षे सांगत राहिले की, पाण्याच्या डोक्यावर इंधन ठेवणे हाच मूळ दोष आहे. त्यांना ऐकावे लागलेले उत्तर आपल्याकडच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. टाक्या सुरक्षित आहेत आणि पाणीही सुरक्षित आहे, हेच ते उत्तर.

मग २०२१ साल उजाडले. ६ मे रोजी झडपा चुकीच्या क्रमाने उघडल्यामुळे नळांत दाबाचा लोंढा उसळला आणि इंधन बाहेर आले. सुमारे १,६०० गॅलन सांडले आणि त्यातले बहुतेक गोळाही केले, असे जाहीर झाले. वस्तुस्थिती अशी होती की, त्या दिवशी सुटलेले सुमारे वीस हजार गॅलन इंधन आग विझवण्याच्या व्यवस्थेच्या एका प्लॅस्टिकच्या निचरा-नळात जाऊन बसले होते. तेथे ते सहा महिने पडून राहिले. त्याच्या वजनाने नळ खाली वाकला. हिशेबात एवढी मोठी तूट असताना ती शोधून काढण्याची निकड कोणालाही वाटली नाही. २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या एका छोट्या गाडीचा त्या वाकलेल्या नळाला धक्का लागला आणि साठलेले इंधन बदाबदा वाहू लागले. त्यातला काही भाग पाणी उपसण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचला. ही विहीर आरमाराच्या ज्या जलव्यवस्थेला पाणी पुरवीत होती, तिच्यावर सुमारे ९३ हजार माणसे अवलंबून होती.

पुढचा आठवडा प्रत्येक नगरपालिकेने अभ्यासावा असा आहे. २८ नोव्हेंबरला कुटुंबांच्या तक्रारी सुरू झाल्या. पाण्याला इंधनाचा वास येतो, वर तवंग दिसतो, पोटात मळमळते, अंगावर पुरळ उठते, मुलांचे डोके दुखते. ही कुटुंबे कोणा विरोधी पक्षाची नव्हती. ती आरमाराच्याच सैनिकांची होती. त्यांना प्रथम सांगण्यात आले की, पाणी असुरक्षित असल्याचे तूर्त कोणतेही लक्षण दिसत नाही. तळाच्या प्रमुखाने तर आपण आणि आपले सहकारी हेच पाणी पितो असे रहिवाशांना कळवले. पुढे त्याला त्याबद्दल क्षमा मागावी लागली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या विहिरीतून घेतलेल्या एका नमुन्यात डिझेल वर्गातल्या पदार्थांचे प्रमाण राज्याने ठरवलेल्या पातळीच्या ३५० पट भरले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी. पण या मुठीला वास येत होता.

आता याच आठवड्यातली दुसरी कृती पाहा. लाऊ यांच्या पाणीपुरवठा मंडळाची हलावा येथील विहीर त्याच भूजलातून पाणी उपसत होती आणि शहराच्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिच्यातून येत होता. त्या विहिरीत इंधन सापडलेले नव्हते. कोणाचा अहवाल आलेला नव्हता. तरीही मंडळाने डिसेंबरच्या आरंभीच तिचा उपसा थांबवला, कारण पंप चालू राहिला असता तर त्याच्या ओढीने शेजारचे दूषित पाणी शहराकडे खेचले जाण्याचा धोका होता. पाणी कमी पडेल, लोक नाराज होतील, काटकसरीचे आवाहन करावे लागेल, हे सारे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. आमच्या मते या संपूर्ण प्रकरणातला खरा धडा या दोन कृतींच्या तुलनेत आहे. एकीने पुराव्याची वाट पाहिली आणि लोकांना पाणी पाजले. दुसरीने संशयावरून पाणी थांबवले आणि मग पुरावा शोधला. पहिलीला अखेर क्षमा मागावी लागली. दुसरीला कोणाचीही क्षमा मागावी लागली नाही.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येईल. ६ डिसेंबर २०२१ रोजी हवाईच्या राज्यपालांच्या शासनाने तातडीचा आदेश काढला. आरमाराने आरंभी त्याला विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत नेले, आणि अखेर ७ मार्च २०२२ रोजी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी हे भांडार कायमचे बंद करण्याची घोषणा केली. टाक्या उपसण्यास प्रारंभ व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. दहा कोटी गॅलनांहून अधिक इंधन बाहेर काढावे लागले. दरम्यान, २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच ठिकाणी आग विझवण्याच्या फेसद्रव्याचे सुमारे १,३०० गॅलन सांडले आणि जखमेवर नवा घाव बसला. तीन निवृत्त रिअर ॲडमिरलांना २०२३ मध्ये ठपक्याची पत्रे मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने पहिल्या सतरा वादींना मिळून सुमारे ६ लाख ८० हजार डॉलरांची भरपाई दिली. जगातल्या सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या सर्वांत शिस्तबद्ध समजल्या जाणाऱ्या खात्याची ही कथा आहे. त्यांच्याकडे पैसा नव्हता, यंत्रे नव्हती किंवा तज्ज्ञ नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती. आपल्या टाकीवर संशय घेण्याची तयारी नव्हती.

होनोलुलूचे हे आख्यान पुण्याच्या वाचकांपुढे का मांडावे, असा प्रश्न कोणी विचारील. पहिले उत्तर आपल्या पायाखालच्या दगडातच आहे. हवाई बेटे ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडली. तांबडी टेकडी बसाल्टाची आहे. आपला सह्याद्री आणि महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग याच जातीच्या खडकाचा, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो त्याचा, आहे. या खडकाचे वैशिष्ट्य असे की, वाळूसारखा तो पाणी सगळीकडे सारखे झिरपू देत नाही. पाणी त्याच्या भेगांतून, सांध्यांतून, झिजलेल्या थरांतून वाट काढते. शेजारच्या दोन विंधन विहिरींपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी राहते, हा अनुभव येथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. पाणी ज्या भेगेतून येते, त्याच भेगेतून इंधनही येते. म्हणून पंपालगतची विहीर स्वच्छ आहे एवढ्यावरून दोनशे पावलांवरची विहीर स्वच्छ आहे असे अनुमान काढणे आपल्या भूमीत सर्वथा धोक्याचे आहे.

दुसरे उत्तर असे की, इंधनाच्या टाक्या आपल्याही पायाखाली आहेत. देशातल्या पेट्रोल पंपांची संख्या आज लाखाच्या घरात आहे आणि प्रत्येक पंपाच्या फरशीखाली टाक्या पुरलेल्या असतात. मुंबईहून पुण्याजवळच्या लोणी काळभोरपर्यंत आणि मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत जमिनीखालून तेलवाहिन्या आल्या आहेत. या टाक्यांना आणि वाहिन्यांना परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय तर आपल्याच नागपुरात आहे. त्या सर्व गळत आहेत असा आरोप आम्ही करीत नाही. तसा तो कोणी करूही नये. पण पुरलेले पोलाद गंजते, सांधे ढिले होतात, जमीन खचते, आणि जे डोळ्यांआड असते त्याची आठवण वास येईपर्यंत कोणाला होत नाही. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागातल्या रहिवाशांच्या कूपनलिकांतून इंधनमिश्रित पाणी येऊ लागले, तेव्हा जमिनीखालची तेलवाहिनी गळत असल्याचे उघड झाले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि तेथील भूमी व भूजल शुद्ध करण्याचे काम वर्षानुवर्षे लांबले. तेव्हा हे संकट केवळ साता समुद्रापलीकडचे आहे, या भ्रमात कोणी राहू नये.

गळती म्हणजे कारंजे उडाले पाहिजे, असाही एक गैरसमज आहे. सेकंदाला एक थेंब या गतीने टाकी गळली तर दिवसाला चार लिटरांहून अधिक इंधन जाते आणि वर्षाला दीड हजार लिटर. वीस हजार लिटरांच्या टाकीत रोजची चार लिटरांची तूट उन्हाने, वाफेने किंवा मोजपट्टीच्या चुकीने झाली असे सहज म्हणता येते. पण त्या थेंबाचे सामर्थ्य पाहा. पेट्रोलात बेन्झीन नावाचा पदार्थ असतो. तो माणसाला कर्करोग करतो, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय ठरवले आहे. आपल्याकडच्या सध्याच्या मानकाप्रमाणे पेट्रोलात तो एक टक्क्यापर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात तो लिटरला दहा मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. साधा त्रैराशिकाचा हिशेब केला, तर एका लिटर पेट्रोलातले एक टक्का बेन्झीन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवू शकते. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला तर हे सत्त्याऐंशी टँकर झाले. प्रत्यक्षात इंधनाचा काही भाग उडून जातो, काही मातीला चिकटतो, काही जिवाणू खाऊन टाकतात, हे खरे. तरी हा हिशेब ज्याने एकदा मनाशी केला, तो चार लिटरांच्या तुटीला पुन्हा क्षुल्लक म्हणणार नाही.

शिवाय आपला पावसाळा या संकटाला स्वतःची मदत करतो. इंधन पाण्याहून हलके असते. ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. आपल्याकडे ज्येष्ठात खोल गेलेले भूजल श्रावण-भाद्रपदात कित्येक मीटर वर येते आणि पुन्हा खाली जाते. त्याबरोबर वरचा इंधनाचा थर खडकाच्या भेगा माखीत वरखाली होतो. मग उन्हाळ्यात वास गेला म्हणून समाधान मानावे, तर पावसाळ्यात तो परत येतो. एका नमुन्यावर निकाल देणारा अहवाल म्हणूनच आपल्या देशात अर्ध्या सत्याचा असतो. त्यात २०२५ पासून आपल्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. इथेनॉल हे जिवाणूंचे आवडते खाद्य. ते संपवण्यात भूजलातला प्राणवायू खर्ची पडतो आणि बेन्झीन अधिक दूरवर वाहत जाऊ शकते, असे संशोधकांना आढळले आहे. इथेनॉलाचे लाभ आम्ही नाकारीत नाही. साखरपट्ट्यातल्या महाराष्ट्राला ते सांगण्याची गरज नाही. परंतु इंधन बदलले की टाकीची तपासणीही बदलावी लागते, एवढे तरी मान्य व्हावे.

अमेरिकेने यासाठी कायदा केला नव्हता असे नाही. १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांचे नियमन आले, १९८६ मध्ये गळत्या निस्तरण्यासाठी निधी उभारला गेला, १९८८ मध्ये तपशीलवार नियम झाले. टाक्या उकरल्या गेल्या तेव्हा त्या देशात साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. बंदिस्त फरशीखाली काय दडलेले असते, याची कल्पना या आकड्यावरून यावी. पण या कायद्यातली मेख अशी की, जागेवरच बांधलेल्या अवाढव्य टाक्यांना, म्हणजे रेड हिलसारख्यांना, त्यातल्या महत्त्वाच्या अटींतून २०१५ पर्यंत वगळलेले होते. गावातल्या पंपचालकाने टाकी बदलायची आणि डोंगरातल्या वीस टाक्यांना सवलत! कायद्याचे जाळे लहान मासा पकडते आणि मगरीला वाट देते, ही तक्रार केवळ आपल्याच देशाची नाही, एवढेच समाधान यातून मिळते.

आपल्याकडे कायद्यांचा तुटवडा मुळीच नाही. पेट्रोलियम अधिनियम १९३४ चा आहे, जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९७४ चा, पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ चा, आणि महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाण करणाऱ्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा असा दंडक घालून दिला. त्याच वर्षी वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात त्याने आणखी पुढे जाऊन सांगितले की, आपल्या उद्योगापासून पर्यावरणाला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योग करणाऱ्यावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली आणि शाळा, इस्पितळे व वस्ती यांपासून पन्नास मीटर अंतराचा दंडक घातला. ठीक झाले. पण शहरात पाण्याच्या दृष्टीने काळजी आहे ती जुन्या पंपांची. ज्या टाक्या तीस-चाळीस वर्षांपूर्वी पुरल्या गेल्या आणि ज्यांच्याभोवती नंतर वस्ती दाटली, त्यांना नव्या पंपांचे अंतर कसे लागू होणार? त्यांना लागू होऊ शकते ती एकच गोष्ट. तपासणी.

आणि येथेच आमच्या शहराची दुखरी नस आहे. पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते, म्हणून भूजलाची चिंता करण्याचे कारण नाही, असे ज्याला वाटत असेल त्याने शहराच्या कडेला एक फेरी मारावी. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत आज टोलेजंग इमारती आहेत; त्यांची तहान विंधन विहिरी आणि टँकर यांवर भागते. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे तो मागवणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे विकाराचे रुग्ण आढळले, तेव्हा कोठे नांदेड गावच्या विहिरीकडे आणि खासगी टँकरांच्या पाण्याकडे यंत्रणेची नजर वळली. तो प्रश्न जंतूंचा होता, इंधनाचा नव्हता. परंतु त्याने एक गोष्ट उघडी पाडली. हजारो माणसे आजारी पडण्याच्या भीतीने हवालदिल होईपर्यंत आपण त्यांच्या पाण्याचा उगम विचारीत नाही. जंतू क्लोरिनने तरी मरतात. बेन्झीन क्लोरिनला दाद देत नाही, आणि पाणी उकळणाऱ्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात तर त्याची वाफ पसरते. आपल्या घरोघरचा सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासाचा उपाय येथे उलटतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, पाण्याला इंधनाचा वास येतो अशी तक्रार येताच त्या विहिरीचा किंवा कूपनलिकेचा पिण्यासाठीचा उपसा त्याच दिवशी थांबावा आणि महापालिकेने तेथे दुसरे पाणी त्याच दिवशी पोहोचवावे. अहवाल नंतर यावा. दुसरी अशी की, गळती आपली नाही हे सिद्ध करण्याचा भार परिसरातल्या टाकीच्या मालकावर असावा. त्याने दाबाची चाचणी करून टाकी निर्दोष असल्याचे दाखवावे आणि दाखवीपर्यंत ती रिकामी ठेवावी. तिसरी अशी की, शहरातली प्रत्येक इंधन-टाकी, तिचे वय आणि तिच्या भोवतालच्या विहिरी व विंधन विहिरी यांचा एकच नकाशा महापालिका, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून करावा आणि तो लोकांना पाहता यावा. चौथी अशी की, जुन्या पंपांभोवती निरीक्षण विहिरी असाव्यात आणि त्यांचे नमुने उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोन वेळा घेऊन बेन्झीनसह सर्व आकडे जाहीर व्हावेत. पाचवी अशी की, टाकीतल्या साठ्याचा रोजचा हिशेब ही पंपचालकाची खासगी वही न राहता तुटीची सूचना आपोआप नियंत्रण मंडळाकडे जावी. रेड हिलच्या वीस हजार गॅलनांचा जाब सहा महिने कोणी विचारला नाही, म्हणून त्र्याण्णव हजार माणसांच्या पाण्यावर घाला आला, हे विसरून चालणार नाही.

यावर आक्षेप काय येतील, हेही आम्ही जाणतो. खोट्या तक्रारी येतील, घबराट पसरेल, पंपचालकाचा धंदा विनाकारण बुडेल, असे म्हटले जाईल. यातला तिसरा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पंप चालवणारा पुष्कळदा लहान माणूस असतो. टाकी त्याच्या अंगणात असली तरी ती अनेकदा मोठ्या तेल कंपनीच्या मालकीची असते. चाचणीचा आणि बंद दिवसांचा खर्च म्हणून कंपनीवर पडला पाहिजे आणि निर्दोष ठरलेल्या चालकाला भरपाई मिळाली पाहिजे. परंतु घबराटीचा मुद्दा आम्हांला मान्य नाही. हवाईत घबराट माहितीने पसरली नाही. पाणी चांगले आहे असे सांगणारा अधिकारी आणि वास घेणारे नाक यांच्यात जी दरी पडली, तिच्यातून ती निर्माण झाली. एकदा खोटे ठरलेल्या खात्याने नंतर खरे सांगितले तरी लोक बाटलीबंद पाणीच विकत घेतात. आणि खोट्या तक्रारीची किंमत किती? दोन दिवसांचे टँकर आणि एक चाचणी. खऱ्या तक्रारीकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत एका मुलाच्या रक्तात किती वर्षांनी दिसेल, हे सांगण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

नासलेले भूजल पुन्हा शुद्ध होते का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. होते, पण आपल्या सवडीने होत नाही. तरंगणारे इंधन उपसता येते, मातीतली वाफ शोषून काढता येते, जिवाणूंना प्राणवायू पुरवून त्यांच्याकडून काम करून घेता येते. रेड हिलच्या विहिरीतून रोज लक्षावधी गॅलन पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळावे लागले. हे सारे उपाय खर्चाचे, वर्षानुवर्षे चालणारे आणि अपुरे असतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणत आलो. विहीर नासल्यावर ती धुवायला निघणे त्याहून अवघड आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खरी करण्याची संधी आपल्याला आहे, कारण या वाटेवर ठेच दुसऱ्याला लागलेली आहे.

हवाईयन भाषेत गोड्या पाण्याला 'वाई' म्हणतात आणि संपत्तीला 'वाईवाई'. ज्याच्याकडे पाणी दुप्पट तो श्रीमंत, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. आपली भाषा याहून पुढे गेली. तिने पाण्यालाच 'जीवन' हे नाव दिले आणि आयुष्यालाही तेच. ज्या भाषेत या दोन गोष्टींना एकच शब्द आहे, ती बोलणाऱ्या शहराच्या कारभाऱ्यांनी पाण्याविषयीच्या तक्रारीला 'अहवाल येऊ द्या' हे उत्तर देऊ नये. उद्या या शहरातली एखादी गृहिणी हंडा नाकाशी नेऊन म्हणेल की, पाण्याला वास येतो. त्या दिवशी तिच्याकडे पुरावा मागायचा, की टाकीच्या मालकाकडे, याचा निर्णय महापालिकेने आजच करून ठेवावा.